हुपरीकर हेलकावा

"चपला बाहेर. पिशवी बाहेर. आणि चौबळचं काही कौतुक घेऊन आला असाल तर तेही बाहेरच ठेवा," डॉ. हुपरीकर दारातूनच म्हणाले.

मी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि लॅपटॉप छातीशी धरून आत गेले.

"बसा. तिथे नको, ती माझी खुर्ची आहे. तिथेही नको, तिथे ऊन येतं आणि मग तुम्ही पडदा ओढायला सांगाल. नाव काय तुमचं?"

"हेमलता तोडणकर."

"शिक्षण?"

"बारावी."

"पीएच.डी. नाही? उत्तम. म्हणजे विसरायला लावण्यासारखं काही नाही तुमच्याकडे." मग आत वळून ओरडले, "अहो, चहा टाका. चौबळने माणूस पाठवलाय. चहा पातळच टाका."

वाशीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी पहिल्यांदा गेले ती अशी. चौबळसाहेबांनी निघताना मला सांगितलं होतं, "ताई, सर जरा तिखट आहेत, पण मनाने लोणी." चौबळसाहेबांना लोणी लगेच ओळखू यायचं, रोजचा व्यवहारच त्यांचा तो. पण इथे त्यांचा अंदाज साफ चुकला होता. लोणी वगैरे काही नव्हतं. आत-बाहेर सगळं तिखटच.

मी तेव्हा बेलापूरच्या सागरवारा संशोधन संस्थेत कंत्राटावर काम करत होते. त्याआधी बरीच वर्षं लोकांचे प्रबंध टाइप करून देत असे. दुसऱ्याचे प्रबंध टाइप करणारा माणूस एक तर आंधळा होतो, नाही तर चिकित्सक. मी आधी एक झाले, मग दुसरी. समीकरणं टाइप करताना ती कशासाठी आहेत ते कळेना म्हणून पुस्तकं आणली. पुस्तकं कळेनात म्हणून भाजी निवडता निवडता इंटरनेटवरची व्याख्यानं ऐकली. प्रोग्राम लिहायलाही तशीच शिकले. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे गुरुपौर्णिमेला मी मोकळी असते.

संस्थेचे संचालक डॉ. प्रवीण चौबळ मला 'आमच्या ताई' म्हणत. 'आमच्या ताई' म्हणणारा माणूस शोधनिबंधावर तुमचं नाव कधीच घालत नाही, हा माझा अनुभव.

आणि डॉ. हुपरीकर चौबळांचे गुरू. तरुणपणी त्यांनी मुंबईत बसून जहाजांच्या जुन्या नोंदी गोळा केल्या होत्या. कुठल्या दिवशी, समुद्रात कुठे, वारा किती, कुठून. त्यातून त्यांनी असं दाखवलं की अरबी समुद्रावरचा पावसाळी वारा एका वर्षी जोरात असतो, पुढच्या वर्षी ओसरलेला, पुन्हा जोरात. झोपाळा जसा एकदा इकडे, एकदा तिकडे. ह्याला जगभरात 'हुपरीकर हेलकावा' म्हणायला लागले. मग उपग्रह आले. समुद्राच्या पाण्यावरची शिरशिरी वरून बघून ते वारा मोजायला लागले, आणि त्यांना हेलकावा काही दिसेना. पाठ्यपुस्तकांतून हुपरीकर आधी तळटिपेत गेले, मग तिथूनही गेले. तीस वर्षं त्यांना कुणी चर्चासत्राला बोलावलं नाही. ह्यांनीही मग जगाला तुच्छ ठरवून हिशेब पुरा केला.

आणि आता चौबळांनी न्यूरल नेटवर्क लावलं होतं. म्हणजे ते मी लावलं होतं, चौबळांनी ते दिल्लीला सांगितलं होतं. संगणकाला मागच्या वर्षांचा वारा दाखवायचा, ह्या वर्षीचा ओळखायला सांगायचं, चुकला की कान पिळायचा, पुन्हा विचारायचं. असं लाख वेळा केलं की ते जाळं स्वतःच काही तरी खूण धरून ओळखायला लागतं. कोणती खूण, ते विचारायचं नाही. सांगत नाही ते. आमच्या जाळ्याने जुन्या वर्षांचा वारा असा काही ओळखला होता की पहिला नंबर. उपग्रहाच्या वर्षांत काठावर पास, पण ते चौबळ हळू आवाजात सांगत. आणि त्याच्या उत्तरांवरून दिसणारी खूण होती एक वर्ष जोर, एक वर्ष ओसर. हुपरीकर हेलकावा!

म्हणून ऐंशी वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सरांचा गौरव समारंभ ठरला होता. पत्रिका छापायला गेल्या होत्या. चौबळांचं ह्या विषयावरचं पुस्तक त्याच दिवशी प्रकाशित होणार होतं. मला पाठवलं होतं ते सरांना निकाल दाखवून त्यांच्या भाषणासाठी चित्रं तयार करायला.

मी रंगीत नकाशे एकामागून एक दाखवले. हुपरीकर चष्मा कपाळावर चढवून पडद्याच्या इतके जवळ आले की मला त्यांच्या कानातले केस दिसले. त्या कानाची पाळी लाल झाली होती. हा माणूस तीस वर्षं ह्या क्षणाची वाट बघत होता, हे त्या पाळीने मला सांगितलं. तोंडाने मात्र म्हणाले, "रंग भडक आहेत. चौबळची बायको साड्या घेते तसे."

"सर, निकाल चांगला आहे ना?"

"बाई, निकाल चांगला आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ह्याच्या चुका कुठे होतात ते आणा. बरोबर कुठे आहे ते मूर्ख लोक बघतात."

"चुकांचा नकाशा केला नाही सर. चौबळसाहेब म्हणाले, समारंभात तो कशाला."

"बरोबर. लग्नात पत्रिकेतला मंगळ कशाला दाखवायचा! करून आणा."

माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय ओ? कोळिष्टकागत दिसतंय."

"जाळं आहे," मी म्हटलं. "शिकवलं की शिकतं."

"मग ह्यांनाबी घाला त्यात," माई म्हणाल्या. "मला काय जमलं न्हाई."

चहा पातळ नव्हता.

चुकांचा नकाशा करायला मला फार वेळ लागला नाही. तो केल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले, पण त्यातलं मला काही कळलं नाही, हे आधीच सांगते. नाही तर उगीच असं वाटेल की बारावी पास बाईने शास्त्रज्ञाला धडा शिकवला. तशा गोष्टी दिवाळी अंकात होतात.

पुढच्या खेपेला तो नकाशा त्यांच्यासमोर ठेवला. जिथे जाळं जास्त चुकतं तिथे गडद लाल, कमी चुकतं तिथे फिका गुलाबी. सगळा अरबी समुद्र असा डागाळलेला. आणि सोमालियाच्या किनाऱ्यापासून एडनच्या आखाताकडे एक पट्टा पांढरा स्वच्छ. धोब्याकडून आल्यासारखा.

"हा काय आहे?" हुपरीकरांनी त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. माझ्या पडद्यावर ठसा उठला.

"तिथे चूक नाही सर."

"कमी आहे म्हणा."

"कमी नाही. नाहीच. तिथे ते एकदाही चुकत नाही."

"कोणत्या वर्षांत?"

मी वर्षं वेगळी करून दाखवली. आधीच्या वर्षांत तिथे साधाच गुलाबी डाग होता. सदुसष्टपासून मात्र पांढरं. चौऱ्याहत्तरपर्यंत पांढरं. मग पुन्हा डाग.

मी वाट बघत होते की आता काही तरी लागट येईल. चौबळची बायको, चौबळची अक्कल, माझी बारावी. काही आलं नाही. मग त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, आणि न घालता तसाच हातात धरून ठेवला.

"बाई, त्या वर्षांत सुएझ कालवा बंद होता."

"हो?"

"युद्ध झालं होतं. युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायची. ह्या पट्ट्यात, ऐन पावसाळ्यात, कुणी फिरकत नव्हतं. जहाज नाही म्हणजे नोंद नाही."

"मग हे आकडे कुणाचे?"

"जिथे कुणी गेलंच नाही, तिथे तुमच्या यंत्राची एकही चूक नाही," ते माझं न ऐकता म्हणाले. "वा! काय विद्यार्थी आहे!"

"सर, आकडे कुणाचे?"

"माझे."

आत माईंनी मिक्सर लावला. तो थांबेपर्यंत ते थांबले.

"तेव्हा तक्त्यात रिकामी चौकट ठेवायची नाही, अशी पद्धत होती. रिकामी चौकट म्हणजे आळशी शास्त्रज्ञ. आमचे साहेब तर फेकून द्यायचे तक्ता. सगळे भरायचे काही तरी. कुणी सरासरी भरायचं, कुणी शेजारचा आकडा. मला आधीच्या चार-पाच वर्षांत दिसलं होतं की एकाआड एक वर्ष वारा सारखा असतो. चार-पाच वर्षांत! खात्रीच झाली माझी. म्हणून अडुसष्टच्या रिकाम्या चौकटीत मी सहासष्टचा आकडा टाकला. सत्तरमध्ये अडुसष्टचा, म्हणजे पुन्हा सहासष्टचाच. सदुसष्टला पासष्टचा, एकोणसत्तरलाही तोच. असं करत सगळा पट्टा भरला. आणि मग सगळी वर्षं एकत्र करून हेलकावा आहे का ते शोधलं." ते हसले. ते हसणं बघायला मला आवडलं नाही. "सापडला की हो! मीच ठेवला होता."

"म्हणजे लबाडी..."

"लबाडी असती तर टोचली असती, बाई. लबाड माणूस निदान रात्री कूस तरी बदलतो. मला खात्री होती. मी गाढ झोपलो. लेखात लिहिलंय बघा, 'नोंदींतले खंड योग्य रीतीने भरून घेतले.' योग्य रीतीने! आमच्या हुपरीत चांदीत खोट घालणारा सोनारसुद्धा एवढी स्वच्छ भाषा वापरत नाही."

मग पडद्याकडे बघून म्हणाले, "हे समुद्र नाही शिकलं. मला शिकलंय हे."

मी म्हटलं, "सर, तो पट्टा काढून टाकून पुन्हा शिकवून बघू? बाकीच्या समुद्रात असेल हेलकावा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर अशी आशा चांगली दिसत नाही, नजर दुसरीकडे वळवावी लागते.

"बघा," ते म्हणाले. "लगेच बघा. आणि चौबळला बोलू नका."

मी त्या वर्षांतला तो सगळा पट्टा सरसकट उडवला आणि जाळ्याला नव्याने शिकवायला बसवलं. ते शिकलं. म्हणजे जेमतेम. आता जुन्या वर्षांतही त्याचे गुण उपग्रहाच्या वर्षांइतकेच पडले, काठावर पास. जोर-ओसर, जोर-ओसर ही खूण कुठेच उरली नव्हती. मी तीन-चार वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने शिकवून बघितलं. मलाच ती हवी होती, का कुणास ठाऊक. तो माणूस माझ्याशी एक शब्द सरळ बोलला नव्हता.

फोन केला तर पहिल्या घंटीला उचलला.

"बोला."

"सर, नाही."

"थोडासुद्धा?"

"थोडासुद्धा नाही."

"बरं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तुम्ही नीट केलंय ना? तुम्ही बारावी आहात."

"नीट केलंय."

"मला माहीत आहे नीट केलंय," ते रागाने म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः संस्थेत आले. मला चौबळांच्या केबिनमध्ये बोलावलं गेलं तेव्हा त्यांचं सांगून झालं होतं आणि चौबळ हात जोडून बसले होते. चौबळांचे हात जोडलेले असले की समजावं, नाही म्हणायचं आहे.

"सर, तुम्ही म्हणता ते मी मानतो. शंभर टक्के मानतो. पण आपण उपग्रहाच्या वर्षांत हेलकावा कमजोर का, त्याचं कारण दिलंय ना. हवामानबदल. किती लोकांनी दाखले दिलेत त्याचे!"

"अरे, जो नव्हताच तो कमजोर कसा होईल?"

"सर, पुस्तक छापून आलंय."

"रद्दीत घाल."

"सर, मंत्रीमहोदय येणार आहेत."

"त्यांनाही घाल."

चौबळ माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही हे सरांच्या डोक्यात भरवलंत?"

"मी फक्त नकाशा नेला."

"कुणी सांगितला होता चुकांचा नकाशा करायला? चुकांचे नकाशे करायला लागलो तर संस्था चालेल का?" मग आवाज लोण्यासारखा करून म्हणाले, "सर, ह्या वयात असं होतं. माणसाला आपलं सगळंच खोटं वाटायला लागतं. माझे वडील शेवटी शेवटी मला म्हणायचे, तू माझा मुलगाच नाहीस."

"शहाणा माणूस होता," हुपरीकर म्हणाले आणि उठले.

दाराशी जाऊन म्हणाले, "मी समारंभाला येणार. व्यासपीठावर सांगणार. सगळ्यांसमोर. मग बघू तू काय करतोस."

मला वाटलं, चौबळ घाबरतील. घाबरले नाहीत. ते नुसते हसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही याच. तुम्ही काय वाटेल ते बोला. तुमचाच दिवस आहे."

तेव्हा मला तो मूर्ख वाटला. मूर्ख नव्हता. शेकडो सत्कार घडवून आणलेला माणूस होता तो. सभागृह काय ऐकतं आणि काय नाही, हे त्याला वाऱ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

समारंभाला सगळं होतं. सनई होती. दीपप्रज्वलनाला वारा लागून दिवा दोनदा विझला, तेव्हा निवेदिकेने "वाऱ्यालाही सरांना भेटायची घाई झालीय" असं म्हणून टाळ्या घेतल्या. मंत्री आले नाहीत, त्यांचा शुभसंदेश आला. त्यांच्या जागी एक साखर कारखान्याचे अध्यक्ष आले होते, त्यांनी वारा आणि सहकार ह्यावर भाषण केलं. चौबळांचं पुस्तक चकचकीत कागदातून निघालं. मानपत्र वाचलं गेलं. त्यात हुपरीकर 'वाऱ्याची नाडी ओळखणारे धन्वंतरी' होते. शाल आली, श्रीफळ आलं. हुपरीकर शालीत गुंडाळलेले, नारळ मांडीवर घेऊन, पोस्टाने आलेल्या पार्सलासारखे बसले होते.

मी खाली प्रोजेक्टरपाशी. माई पहिल्या रांगेत, नऊवारीत, पाय जेमतेम जमिनीला टेकवून.

मग निवेदिका म्हणाली, "आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील."

हुपरीकर उठले. शाल काढून खुर्चीवर ठेवली. माईकसमोर उभे राहिले आणि एकदम सुरू केलं.

"माझा सत्कार होण्यासारखं मी काही केलेलं नाही."

टाळ्या.

आता ह्यात त्यांचं चुकलं. म्हणजे शास्त्रज्ञ म्हणून नाही, मराठी माणूस म्हणून चुकलं. महाराष्ट्रात आजवर जेवढे सत्कार झाले, त्यातल्या प्रत्येक सत्कारमूर्तीने पहिलं वाक्य हेच म्हटलेलं आहे.

"ऐका," ते म्हणाले. "माझं काम चुकीचं आहे."

आणखी टाळ्या. मागच्या रांगेतून कुणी तरी "वा!" म्हणालं.

"हेलकावा नाही. कधी नव्हता. मी रिकाम्या जागा माझ्या मनाने भरल्या आणि जे भरलं तेच पुन्हा शोधून काढलं."

"किती सुंदर!" माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला म्हणाली. "मनाने भरलं म्हणतात."

"टाळ्या वाजवू नका!" हुपरीकर ओरडले. त्यावर जो कडकडाट झाला, तसा मी त्या सभागृहात पुन्हा ऐकला नाही. कारखान्याचे अध्यक्ष उभे राहून वाजवत होते. चौबळ रुमालाने डोळे टिपत होते, आणि मला आजही वाटतं की त्यांना खरोखर पाणी आलं होतं. आपली युक्ती एवढी सफल झालेली बघून कुणालाही येईल.

हुपरीकरांनी माईक घट्ट धरला. "अहो, मी शुद्ध मराठीत सांगतोय. मी खोटं छापलं. ह्या पुस्तकात ते पुन्हा छापलंय. हे विकत घेऊ नका."

हशा. मोठा, प्रेमळ हशा. घरच्या कार्यात आजोबांनी विनोद केल्यावर होतो तसा.

मग त्यांनी मला शोधलं. एवढ्या गर्दीतून थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तो नकाशा लावा."

चौबळांनी व्यासपीठावरून मान हलवली, नाही म्हणून. माझं कंत्राट त्या महिन्यात संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही हे त्या मानेवर होतं. मी नकाशा लावला. फार विचार केला असं नाही. मला त्या मानेचा कंटाळा आला होता.

मोठ्या पडद्यावर तो डागाळलेला समुद्र आला, आणि त्यात तो पांढरा पट्टा. हुपरीकर त्याच्याकडे पाठ करून उभे होते. म्हणाले, "हे पांढरं दिसतं ना, तो मी आहे. तिथे एकही जहाज गेलेलं नाही."

ह्या वेळी टाळ्या आल्या नाहीत. मला वाटलं, पोचलं. आणि मग सगळ्यांनी मोबाइल वर केले. फोटो काढायला. "रांगोळीसारखा दिसतोय ना," मागची बाई म्हणाली.

चौबळांनी माईक हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "मित्रहो, ज्यांनी अख्खा अरबी समुद्र आपल्याला दिला, ते म्हणतात मी म्हणजे एक कोरी जागा. ह्याहून मोठा विनय मी पाहिलेला नाही. ह्यानंतर भोजनाची व्यवस्था केलेली आहे."

मसालेभात आणि जिलबी होती. सभागृह असं रिकामं झालं की बघत राहावं.

हुपरीकर खाली उतरून माईंच्या शेजारी बसले. मी तारा गुंडाळत होते.

"ऐकलंत?" ते माईंना म्हणाले. "एकानेही ऐकलं नाही."

"त्यांचं काय चुकलं?" माई म्हणाल्या. "बघायला आलात तवा तुम्ही माज्या वडलांस्नी म्हणाला हुता, मी लई रागीट हाय, माज्याजवळ पोरीला सुख लागायचं न्हाई. आमी समद्यांनी काय म्हटलं? किती नम्र मुलगा!"

हुपरीकरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच, आणि माझ्यादेखत एकदाच, ते मोठ्याने हसले. खोकला येईस्तोवर हसले. माईंनी त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या, जरुरीपेक्षा जोरात.

माझं कंत्राट वाढलं नाही. हुपरीकरांनी संस्थेला लेखी कळवलं, 'माझ्या नावाचा हेलकावा मी मागे घेत आहे.' उत्तरादाखल समारंभाच्या फोटोंचा अल्बम आला. परदेशातल्या ज्या मासिकात मूळ लेख आला होता, त्यांना लिहिलं, तर त्यांनी कुठल्याशा अंकात शेवटच्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. चौबळांनी ती वाचली असणार. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी 'थोर गुरूची विनम्र दुरुस्ती' म्हणून ती प्रस्तावनेत घेतली आणि आत काही बदललं नाही. आज ते कुठल्या तरी राष्ट्रीय समितीवर आहेत. माणूस वर जातोच, हलका असला की.

मी पुन्हा प्रबंध टाइप करायला लागले होते. एक दिवस फोन आला.

"बाई, येताय कधी?"

"कशाला सर?"

"तुम्ही तो पट्टा सरसकट उडवलात ना, ते अडाणीपणाचं काम झालं. बारावी. नीट करायचंय ते."

मी गेले. चपला बाहेर ठेवल्या. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. मूळ आकडे पडद्यावर उघडले. वर्ष सदुसष्ट, जुलै, एकेक चौकट.

"सर, एका आज्ञेत सगळं पुसता येतं हो."

"माहीत आहे. भरताना मी अशीच घाई केली होती. पुसताना नको. एकेक विचारा मला."

मी पहिली चौकट दाखवली.

"माझी. पुसा."

दुसरी.

"माझी."

माई चहा ठेवून गेल्या, कपावर बशी झाकून. बराच वेळ आमचं तेच चाललं होतं. मी दाखवायची, ते म्हणायचे "माझी," मी पुसायची. चौकट रिकामी व्हायची. प्रत्येक वेळी त्यांच्या 'माझी'मध्ये तीच तुच्छता असायची, जी इतके दिवस चौबळच्या, माझ्या, जगाच्या वाट्याला येत होती. मला तेव्हा कळलं, मी ह्या माणसाकडे का येत राहिले. त्याने स्वतःला त्यातून कधी वगळलं नव्हतं.

"ही?"

"माझी."

"ही?"

"माझी. अहो, सगळ्या माझ्याच आहेत, विचारताय काय..."

मी पुढची दाखवली आणि सवयीने पुसायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा."

ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. ओठ हलत होते. त्या चौकटीतला आकडा आजूबाजूच्या कुठल्याच आकड्याशी जुळत नव्हता. भलताच मोठा होता. चुकांच्या नकाशावर ह्याचा एक लाल ठिपका असणार, तो मी पडद्यावरची धूळ समजले होते.

"इथे एक बोट गेली होती," ते हळू म्हणाले. "मुंबईहून मोंबासाला. एकटीच. मला आठवतंय, हा आकडा माझ्या हेलकाव्यात बसेना. मी फार चिडलो होतो. म्हटलं कप्तानाला कळत नसेल, वादळात कुणाला आकडे कळतात. खोडायला रबर उचललं होतं, आणि मग कंटाळा केला."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि आपलं बोट पडद्यावर न टेकवता, जरा अंतरावरच, त्या आकड्यासमोर धरून ठेवलं.

"हा समुद्राचा आहे," डॉ. हुपरीकर म्हणाले. "ह्याला हात लावू नका."